कलेचा व्यवसाय आणि लेखी व्यवहार
(ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्यातील कितीतरी तरुण आज छायाचित्रण, चित्रकला, जाहिरातींची मांडणी, लेखन अशा कलांवर स्वतंत्रपणे उपजीविका करीत आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु कामाची वाहवा झाल्यावरही मोबदल्यासाठी त्यांना खेटे घालावे लागतात. ‘आपण घरचेच, लिहून कशाला घ्यायचे?’ या वाक्याने काम सुरू होते आणि ‘गरज सरो, वैद्य मरो’ या न्यायाने संपते. पैसा तर बुडतोच, शिवाय नातेही दुरावते. म्हणून माझे सांगणे एवढेच की, लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे.

लग्न ठरविताना आपण याद्या करतो. कोणता खर्च कोणी करावयाचा हे लिहून, कागदाला कुंकू लावून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घेतो. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मग त्याच लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्याने चार ओळी लिहून मागितल्या, तर आपल्या कपाळाला आठी का पडावी?

1872 च्या करार कायद्यान्वये तोंडी करारही ग्राह्य ठरू शकतो; अडचण येते ती तो सिद्ध करण्याची. यास्तव काम कोणते, दुरुस्त्या किती वेळा, मुदत कोणती, मोबदला व विसार किती, आणि काम मध्येच थांबल्यास काय, एवढे तरी लिहावे. मोठ्या कामाचे करारपत्र वकिलाकडून करून घ्यावे. लहान कामात ग्राहकाने मान्य केलेले पत्र अथवा ई-मेलही उपयोगी पुरावा ठरतो.

दुसरा प्रश्न कृतीवरील हक्काचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा वा रंगचित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याचा होतो. उलट स्वतंत्र लेखकाने लिहून दिलेल्या मजकुराचा हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर सही केलेला लेख लागतो. त्यात मुदत न लिहिल्यास ती 5 वर्षांची आणि प्रदेश न लिहिल्यास भारतापुरता समजला जातो. तेव्हा गप्प राहण्याने कधी कलावंताचे, तर कधी ग्राहकाचे नुकसान होते.

हक्क विकला तरी कर्त्याचा मान विकला जात नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य ब्राँझ भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकण्यात आले व त्याची मोडतोड झाली. ते न्यायालयात गेले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा व 5 लाख रुपये भरपाईचा आदेश सरकारला दिला. प्रत्यक्ष शासनापुढेही कलावंताचा हा अधिकार टिकला!

आता वसुलीविषयी. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे. ‘उद्यम’ नोंदणी काम स्वीकारण्यापूर्वीच करून ठेवावी. या कायद्यान्वये परस्परांत ठरलेली देयकाची मुदतही 45 दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. मात्र भिडेपोटी वर्षानुवर्षे थांबू नये. केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत साधारणतः 3 वर्षांचीच असते.

तरुणांनो, जो हक्क आपण मागतो त्याला कर्तव्याची जोड हवी. कबूल केलेली तारीख पाळा, दुसऱ्याची रचना उचलू नका, बिल वेळेवर द्या. ग्राहकाच्या घरातील खाजगी छायाचित्रे त्याच्या संमतीवाचून कोठेही दाखवू नका.

आणि माझ्या समवयस्कांना हात जोडून विनंती आहे. पुतण्याकडून, भाच्याकडून काम करवून घ्याल तेव्हा त्याने मागण्याआधीच विसार त्याच्या हाती ठेवा व कागद आपणच पुढे करा. वडीलधाऱ्यांनी हा पायंडा पाडला, तर मुलांची भीड आपोआप मोडेल आणि घरोबाही टिकेल.