डोळ्याला लागलेले कुटार आणि सूक्ष्मदर्शकामागची बाई

सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, तुरीची मळणी आणि शेवटी पऱ्हाटी उपटणे. दसऱ्यापासून होळीपर्यंत आपण बाया वावरातच असतो. कधी कुटार डोळ्यात उडते, कधी पऱ्हाटीचे टोक लागते. आपण पदराने डोळा चोळतो आणि पुन्हा कामाला लागतो. चार दिवसांनी डोळा लाल होतो, उजेड सोसवत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. मग शेजारीण म्हणते, "फूल पडलं वाटते." हे फूल कशाने पडते, हे शोधण्यात आयुष्य घालवलेल्या एका शास्त्रज्ञ बाईंची ओळख आज आम्ही करून देणार आहोत. त्यांचे नाव डॉ. सावित्री शर्मा.

सावित्रीबाई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. आधी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात आणि पुढे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. अकँथअमिबा हा माती-पाण्यात राहणारा एकपेशीय जीव. त्याचा डोळ्यातला संसर्ग मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनाच होतो, असे परदेशात मानले जात होते. ज्यांनी अशी लेन्स कधी लावली नाही, त्यांच्याही डोळ्यात तो सापडतो, हे सावित्रीबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवून दिले. पुस्तकातला रोगी वेगळा आणि आपल्या मातीतला रोगी वेगळा, हे त्यातून कळले.

बुरशीचेही तसेच. १९९१ ते २००० या दहा वर्षांत हैदराबादच्या त्या संस्थेत बुबुळाला बुरशीची जखम झालेले १,३५२ रुग्ण नोंदले गेले. निम्म्याहून अधिक जणांच्या डोळ्याला आधी काहीतरी लागलेले होते. सर्वांत जास्त सापडलेली बुरशी फ्युजेरियम. हे नाव परके वाटेल, पण तुरीवर येणारा मर रोग याच कुळातल्या बुरशीमुळे होतो. उभे झाड वाळवणाऱ्या बुरशीची भावंडे आपल्या बुबुळातही वाढू शकतात.

सावित्रीबाईंच्या सगळ्या कामाचा गाभा एका वाक्यात सांगता येईल: औषध देण्याआधी जंतू पाहा. डॉक्टर बुबुळ बधिर करून जखमेवरचा थोडा खरवड घेतात. तो काचपट्टीवर पसरून, रसायन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की बुरशीचे धागे लवकर ओळखू येतात. हे ओळखणे का गरजेचे? कारण जिवाणूंचे औषध वेगळे, बुरशीचे वेगळे आणि अमिबाचे तिसरेच. आणि स्टेरॉइडचे थेंब घातले तर लाली कमी होते, बरे वाटते, पण आत बुरशीला मोकळे रान मिळते. दुकानातून आणलेली, मागच्या वर्षी उरलेली किंवा जावेने दिलेली बाटली म्हणूनच धोक्याची.

वेळ किती असते आपल्या हाती? नेपाळमधल्या भक्तपूरच्या खेड्यांत एक अभ्यास झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. बुबुळाला ओरखडा गेलेल्या लोकांना गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी जंतुनाशक मलम दिले. ज्यांना ते १८ तासांच्या आत मिळाले, त्यांच्या डोळ्यात जखम चिघळली नाही. म्हणजे आज दुपारी लागले, तर उद्या सकाळी दवाखाना गाठायचाच. "एवढी वेचणी होऊ दे, मग जाऊ" हे बोलणे आपल्याला महागात पडते.

तेव्हा सख्यांनो, एवढे करा. कचरा गेला तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. तेल, तूप, दूध, मध काही घालू नका. जिभेने कचरा काढू नका. दुखणे किंवा लाली राहिली तर अमरावतीला इर्विन, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय गाठा. बुबुळावर पांढरे दिसत असेल तर डॉक्टरांना विचारा, "खरवड तपासता का?" विचारायला लाजू नका. बुरशीचे औषध आठवडेच्या आठवडे चालते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. मळणीला बसताना साधा चष्मा लावा. कोणी हसले तर हसू द्या.

सूक्ष्मदर्शकामागे बसलेल्या बाईने आपले काम केले आहे. वावरातून दवाखान्यापर्यंतची वाट मात्र आपल्यालाच चालायची आहे, आणि तीही दुसऱ्या दिवशीच.