कळसूबाईची सहल : योजना आणि जबाबदारी



धाराशिव जिल्ह्यातील मुलांना डोंगर अपरिचित आहे असे म्हणता येणार नाही. जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटाच्या माथ्यावरच वसलेला आहे. परंतु माथ्यावर राहणाऱ्यास डोंगर पायथ्यापासून पाहावयास क्वचितच मिळतो. भूगोलाच्या पुस्तकात हरिश्चंद्र-बालाघाट या नावाची रांग मुले पाठ करतात. ही रांग सह्याद्रीपासून फुटून आग्नेयेस आपल्या गावापर्यंत येते, हे मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. त्याकरिता कळसूबाईच्या शिखरासारखी दुसरी शाळा नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हे शिखर 1646 मीटर उंच असून महाराष्ट्रात सर्वोच्च आहे. आकाश निरभ्र असल्यास तेथून अलंग, मदन, कुलंग, रतनगड आणि ज्याच्या नावाने आपली रांग ओळखली जाते तो हरिश्चंद्रगड दृष्टीस पडतो. खाली 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचा जलाशय पसरलेला दिसतो. ते पाणी प्रवरेचे. प्रवरा गोदावरीस मिळते. आपली तेरणा मांजरेस मिळते आणि मांजराही शेवटी गोदावरीसच जाते. दोन दूरच्या डोंगरांचे पाणी एकाच नदीत येते, हा पाठ शिखरावर उभे राहून दिला तर मुले तो जन्मभर विसरणार नाहीत.

तथापि अशी सहल केवळ उत्साहावर काढू नये. बारी हे पायथ्याचे गाव आपल्यापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. म्हणून आदल्या दिवशी सायंकाळपूर्वी तेथे पोहोचून मुलांना पुरेशी झोप मिळेल अशी व्यवस्था करावी. रात्रभर प्रवास करून पहाटे चढावयास लावणे, हे संकटास निमंत्रण होय. पावसाळ्यात वाट निसरडी असते व शिखर ढगांत असते. उन्हाळ्यात ऊन असह्य होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

चढाईस वेळ किती लागेल, याचे गणित वर्गातच करून घ्यावे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा नियम सांगितला. दर 5 किलोमीटर चालीस एक तास धरावा आणि दर 600 मीटर चढास आणखी एक तास मिळवावा. बारीपासूनची वाट सुमारे 6 किलोमीटरांची व चढ सुमारे 900 मीटरांचा आहे. म्हणजे 72 मिनिटे अधिक 90 मिनिटे, एकूण 2 तास 42 मिनिटे. हा हिशेब सराईत माणसाचा झाला. मुलांकरिता त्यात निम्म्याची भर घालून चार तास धरावेत. सकाळी साडेसहास निघालेली तुकडी साडेदहाच्या सुमारास माथ्यावर पोहोचेल. उतरण्यास तीन तास धरले तरी सूर्यास्तापूर्वी हाताशी बराच वेळ राहतो. तो वेळ अडचणीसाठी राखावयाचा असतो, रेंगाळण्यासाठी नव्हे.

पूर्वतयारी म्हणून येडशीच्या रामलिंगाच्या दरीत मुलांना एकदा उतरवून परत चढवावे. कोणास दम लागतो, कोणाचे पायताण तुटके आहे, कोण भीतीने गप्प होतो, हे तेथे कळते. दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलांविषयी वैद्यांचा सल्ला घ्यावा. पालकांची लेखी संमती व वरिष्ठांची परवानगी घ्यावी. एखादे मूल केवळ खर्चामुळे मागे राहू नये, हेही आधीच पाहिले पाहिजे.

या उंचीवर विरळ हवेचा विकार होत नाही. तो साधारणतः 2500 मीटरांच्या वर संभवतो. परंतु माथ्यावर पायथ्यापेक्षा सुमारे 6 अंशांनी गारवा अधिक असतो आणि वारा जोराचा असतो. प्रत्येकाजवळ गरम कपडा, दोन ते तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी व गूळ-शेंगदाणे असावेत. माथ्याखाली विहीर आहे, परंतु तिच्या भरवशावर जाऊ नये. लोखंडी शिड्यांवर गर्दी होऊ न देता, वरून उतरणाऱ्यांस वाट देऊन, मुलांना अंतर ठेवून सोडावे. एक शिक्षक पुढे, एक सर्वांच्या मागे. आणि प्रत्येक शिडीच्या आधी व नंतर मुले मोजावीत.

सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे माघारी फिरण्याची वेळ. ती पायथ्याशीच ठरवावी व मुलांना सांगून ठेवावी. साडेअकरा वाजले की तुकडी जेथे असेल तेथून परतेल. शिखर शंभर पावलांवर असले तरी हा नियम मोडू नये. 1924 मध्ये एव्हरेस्टवर एडवर्ड नॉर्टन सुमारे 8570 मीटरांपर्यंत चढले. शिखर तीनशे मीटरांहूनही जवळ होते; परंतु वेळ टळत होती व दृष्टी साथ देईना, तेव्हा ते मागे फिरले आणि सुखरूप उतरले. त्यांचे नाव गिर्यारोहणाच्या इतिहासात आजही आदराने घेतले जाते.

एखादे मूल अर्ध्या वाटेवर थकले, तर त्यास एकटे बसवून पुढे जाऊ नये. एका शिक्षकाने त्याच्यासह खाली यावे. माथ्यावरील देवीचे मंदिर हे तेथील लोकांचे श्रद्धास्थान आहे. तेथे गोंगाट व कचरा होणार नाही, ही शिकवणही सहलीचाच भाग समजावी.

चाळीस मुले घेऊन निघालेल्या शिक्षकाने शिखर गाठले की नाही, हे गाव दोन दिवसांत विसरेल. चाळीसही मुले हसतमुखाने घरी परतली की नाही, हे मात्र प्रत्येक आई दारात उभी राहून पाहणार आहे. योजना करताना तिची आठवण ठेवावी, म्हणजे बाकीचे नियम आपोआप सुचतील.