बाबासाहेबांच्या मुलाखती ऐकताना
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



मी डिप्लोमावाला इंजिनिअर, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांच्या मुलाखती ऐकण्याचा मला छंद आहे. बाबासाहेब १५ नोव्हेंबर २०२१ रोजी गेले, शंभरीला थोडेच महिने उरले असताना. मुलाखती मात्र राहिल्या आहेत.

‘जाणता राजा’त हत्ती, घोडे, शेकडो कलावंत. मुलाखतीत एक माणूस आणि एक खुर्ची, तरी गड डोळ्यांपुढे उभा राहतो! प्रसंग सांगताना तिथी, वार, तारीख तोंडपाठ. आमच्या खात्यात रजिस्टरात वेळ नसेल तर गाडी गेलीच नाही असे समजतात, म्हणून हा गुण मला फार भावतो. त्यांच्या मांडणीवर आक्षेपही आहेत. २०१५ साली महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या वेळी केवढा वाद झाला. तेही वाचावे. शाहीर रंगवून सांगणारच, कागद ऐकणाऱ्याने तपासावा.

आपल्याला तर ते करणे भागच आहे. १६७७ साली शिवाजी महाराज कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळपाडीला आले, धाकट्या सावत्र भावाला भेटले आणि वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. एकोजीराजे रात्रीच नदी ओलांडून तंजावरला परतले. महाराष्ट्रातल्या गोष्टीत ते वाटा न देणारे भाऊ. या राजवाड्यात मूळपुरुष. एक मुलाखत ऐकून माझ्या मुलीने विचारले, “बाबा, मग आपले एकोजीराजे वाईट होते का?”

मी तिला साल दाखवले. शहाजीराजे १६६४ साली वारले. तंजावर एकोजींनी घेतले त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. जहागीर वडिलांची, पण तंजावर स्वतः मिळवलेले. मग वाटणी कशाची? घराघरांत अजून हेच भांडण चालते. ती म्हणाली, “दोघांचंही थोडं खरं आहे.” वकिलाने याहून वेगळे काय सांगितले असते?

आपल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. तंजावरच्या भोसल्यांनी स्वतः सांगितलेली बाजू ती. आपण प्रदक्षिणा घालतो आणि पुढे जातो. येत्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन तो वाचायला जाणार आहोत. जुनी वळणे वाचू शकणारे कोणी ज्येष्ठ असतील त्यांनी कृपया बरोबर यावे. बॅटरी मी आणतो.