वायोमिंगची पहिली निवडणूक

अमेरिकेच्या पश्चिम भागांत, रॉकी पर्वताच्या कुशींत वायोमिंग नांवाचें राज्य आहे. विस्तार अफाट, वस्ती विरळ. १८९० सालीं तेथील लोकसंख्या ६० हजारांहून थोडी अधिक होती. त्या सालच्या ११ सप्टेंबरला या मूठभर लोकांनीं राज्य म्हणून आपली पहिली निवडणूक केली, आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्यें बसावयास आपला पहिला प्रतिनिधि निवडला. प्रतिनिधि एकच, परंतु त्यास मतें देणारांत स्त्रियाहि होत्या, आणि त्यांच्या या हक्कापायीं राज्यपदच हातचें जाण्याची वेळ आली होती.

हक्क नवा नव्हता. वायोमिंग हा नुसता प्रदेश असतां, १८६९ च्या डिसेंबरांत, तेथील पहिल्याच विधिमंडळानें २१ वर्षांच्या पुढील स्त्रियांस मताधिकार दिला. विधेयक आणणारे विल्यम ब्राइट हे एका खाणीच्या गांवीं दारूचें दुकान चालवीत. सर्वांचेच हेतु शुद्ध होते असें म्हणवत नाहीं. प्रदेशांत स्त्रिया फारच थोड्या. या कायद्याचा बोलबाला होऊन कुटुंबें येऊन वसतील, असा कित्येकांचा हिशेब. राज्यपाल विरुद्ध पक्षाचा. त्यास पेंचांत धरावें, असाहि कांहींचा डाव. पण राज्यपाल कँबेल यांनीं सही करून टाकली! पुढें १८७१ त नवें विधिमंडळ तो कायदा रद्द करूं लागलें, तेव्हां त्यांनीं नकाराधिकार वापरला, आणि तो मोडून काढण्यास विरोधकांना एक मत कमी पडलें. मध्यंतरीं, ६ सप्टेंबर १८७० रोजीं, लारामी येथें सत्तरीला टेकलेल्या लुइझा स्वेन यांनीं सकाळींच मत दिलें. पावासाठीं खमीर आणावयास निघालेल्या बाई वाटेंत मत देऊन गेल्या, असें सांगतात.

प्रदेशाचा प्रतिनिधि काँग्रेसमध्यें बसे. त्यास बोलतां येई, मत देतां येत नसे. ही स्थिति पालटण्यासाठीं १८८९ च्या सप्टेंबरांत शायेन येथें घटनापरिषद भरली. सभासद सर्व पुरुष. स्त्रियांच्या मताधिकाराचें कलम वेगळें काढून लोकांपुढें स्वतंत्र ठेवावें, अशी सूचना तेथें आली. सूचना दिसावयास शहाणपणाची, आणि म्हणूनच अधिक घातक. परिषदेनें ती फेंटाळली. त्याच सालीं पंडिता रमाबाईंचें अमेरिकेच्या लोकस्थितीवरील पुस्तक मराठींत प्रसिद्ध झालें, हा योगायोगहि ध्यानांत घेण्याजोगा आहे.

धोका काल्पनिक नव्हता. युटाच्या स्त्रियांचें मत काँग्रेसनेंच १८८७ त हिरावून घेतलें होतें. आणि न्यूयॉर्क राज्यांत सुसान अँथनी यांस १८७२ त मत दिल्याबद्दल पुढें १०० डॉलर दंड झाला होता. प्रतिनिधिगृहांत वाद कडाक्याचा झाला. स्त्रियांनीं मत देणें त्यांच्या प्रकृतीस विरुद्ध, असें आक्षेपक सांगत. नवें राज्य आलें म्हणजे रिपब्लिकन पक्षाचे दोन सिनेटर वाढतील, हें दुखणें ते तितक्या मोठ्यानें सांगत नसत. पण मतें पडलीं तीं बव्हंशीं पक्षाप्रमाणें. २६ मार्च १८९० रोजीं विधेयक १३९ विरुद्ध १२७ मतांनीं तरलें. सिनेटमध्यें तें जूनमध्यें संमत झालें, आणि १० जुलैला राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांची सही झाली.

२३ जुलैला शायेन येथें उत्सव झाला. थेरेसा जेंकिन्स बाईंचें भाषण होतें. आवाज दूरवर पोंचावा म्हणून त्यांनीं माळरानावर सराव केला. यजमान गाडींतून लांब लांब जात आणि आणखी मोठ्यानें बोलण्यास ओरडून सांगत, अशी आठवण सांगतात.

मग निवडणूक. काँग्रेसच्या जागेसाठीं रिपब्लिकनांनीं एव्हॅन्स्टनचे वकील क्लॅरेन्स क्लार्क यांस उभें केलें, डेमोक्रॅटांनीं जॉर्ज बेक यांस. हे बेक पुढें कोडी शहर वसविणारांपैकीं एक झाले. क्लार्क निवडून आले. न्यू जर्सीनें १८०७ त स्त्रियांचें मत काढून घेतल्यापासून काँग्रेसच्या पूर्णाधिकारी सभासदासाठीं स्त्रियांनीं कायदेशीर मत देण्याचा हा पहिलाच प्रसंग. विंड रिव्हरच्या राखीव भूमींतील शोशोनी व अरापाहो लोक मात्र, स्त्री असोत वा पुरुष, या आनंदाच्या बाहेरच राहिले. टोळींत राहणाऱ्या इंडियनांस तेव्हां नागरिकच मानीत नसत.

क्लार्क यांनीं १ डिसेंबर १८९० रोजीं आपलें आसन घेतलें. पुढें १८९२ च्या निवडणुकींत वायोमिंगच्या स्त्रीपुरुषांनीं मिळून त्यांस घरीं पाठविलें.