टोकन पाठवताना की कुणाला द्यायची?

मला सारखं विचारतात, टोकन पाठवायला प्रायव्हेट की सांगावी लागते का? छे! यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतो का? तसंच टोकन घ्यायला नुसता ॲड्रेस पुरतो. पाठवताना वॉलेट त्या कीने तुमच्या फोनमध्येच सही करतं. नेटवर्कवर सही जाते, की जात नाही. मग टेलिग्रामवरचा 'सपोर्टवाला' 12 शब्द का मागतोय? चोर आहे तो, ब्लॉक करा. त्या शब्दांतून वॉलेटच्या सगळ्या कीज पुन्हा तयार होतात. त्यांचा स्क्रीनशॉटही नको, तो गुपचूप क्लाउडवर जाऊन बसतो. माझे शब्द कागदावर आहेत, आईच्या दागिन्यांच्या डब्यात. आणि हो, ॲड्रेस पूर्ण जुळवा. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं सारखी असलेले बनावट ॲड्रेस मुद्दाम बनवतात, आणि गेलेलं टोकन परत आणून देणारी बँक इथे नाही.