इतर हक्काचा रकाना



युवा संमेलनाला एकसष्ट वर्षांचा अध्यक्ष शोधून काढला, हा संयोजकांचा विनोद मी पोटात घातला आहे. पत्रिकेवर विषय छापलाय ‘तरुणाई आणि स्त्री-पुरुष समता’. या विषयावर मी पुष्कळ बोललो आहे, बहुतेक वेळा ८ मार्चला, शाल-श्रीफळ घेऊन. आज एका कागदाबद्दल बोलतो.

तुमचं कौतुक तेवढं आधी उरकतो. सावित्रीबाई १८४८ साली शिकवू लागल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. हे काम पोरांनीच सुरू केलं. माझ्या वयाच्या लोकांनी त्या काळी बहुधा शेणगोळेच मारले.

आता तो कागद. सातबारा. तुमच्यापैकी किती जणांनी घरचा उतारा नीट वाचलाय? फोनवर मिनिटात दिसतो. वर खातेदारांची नावं असतात. बाजूला ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. तिथे सोसायटीचं कर्ज, विहिरीतला हिस्सा असल्या नोंदी येतात. बाप वारला की मुलांची नावं खातेदारांत चढतात आणि लेकींची, चढलीच तर, कित्येक उताऱ्यांवर या रकान्यात, कर्जाच्या शेजारी. आमच्या साहित्यात ‘परक्याचं धन’ यावर कितीतरी कथा आहेत. एवढी नेमकी एकही नाही.

कायदा केव्हाच पुढे गेलाय. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. तेव्हा बाप हयात होता की नव्हता हा वादही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये लेकींच्या बाजूने मिटवला. मग घोडं अडतं कुठे? दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. तिथे बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. कोणी तिचा हात धरून करवत नाही. नाही म्हटलं तर भाऊबीज बंद होईल, माहेरचा उंबरा तुटेल, एवढ्या धाकावर काम होतं. सही झाली की साडी-चोळी.

मीही घेतलीय अशी सही. थोरल्या बहिणीची, आमच्या अक्काची. दस्तात ‘राजीखुशीने’ हा शब्द टायपिस्टने ऱ्हस्व काढला होता. मी खिशातलं पेन काढून तो दीर्घ केला. तोवर स्त्रीजीवनावरच्या माझ्या कथांची दोन पुस्तकं निघाली होती. तो शब्द खरा आहे का, हे अक्काला विचारायचं मात्र सुचलं नाही. शुद्धलेखन पक्कं होतं.

म्हणून आज मी मुलींना ‘हक्कासाठी भांडा’ असं सांगणार नाही. ते सोपं आहे, आणि भांडण्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते. मी पोरांशी बोलतोय. सही मागणारा हात तुमचा असतो, तो तुम्ही मागे घेऊ शकता. हे काही आभाळातलं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा आपल्याच गावोगावच्या, पागोटेवाल्या गड्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली होती. त्यांनी ना परिसंवाद ऐकले होते ना स्त्रीवादाची पुस्तकं वाचली होती.

आणि अठरा पूर्ण होऊन मतदारयादीत नाव लागलं की तुम्ही ग्रामसभेचे सभासद असता, हे विसरता. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात तो कित्ता गिरवा म्हणून सरकारने राज्यभरच्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढलं. एका गावाच्या ठरावामागे मंत्रालय चाललं. ठरावाने रूढी लगेच मरत नाही, हे मलाही कळतं. पण बांगड्या फोडायला पुढे आलेल्या बाईला अडवताना हातात कागद असला की आवाज चढवावा लागत नाही. उद्या एखाद्या गावातल्या पोरांनी ‘आम्ही बहिणीची सही घेणार नाही’ असा ठराव मांडला, तर गदारोळ होईल. होऊ द्या. गदारोळाशिवाय ग्रामसभा झालीय कधी?

मला हे शहाणपण आपोआप आलं नाही. गेल्या दिवाळीत मुलगा फोनवर उतारा बघत होता. त्याने सहज विचारलं, “बाबा, यात आत्याचं नाव कुठंय?” मी कायद्याचं काहीबाही सांगितलं. तो ऐकून घेऊन परत म्हणाला, “पण नाव कुठंय?”

सोडलेला हक्क मागे येत नाही, म्हणून आता मी अक्काच्या नावाने बक्षीसपत्र करतोय. सांगायला तिच्या घरी गेलो, तेव्हा ती गहू निवडत होती. तिने ना डोळे पुसले, ना आशीर्वाद दिला. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “बांधावरलं जांभूळ कुणाच्या वाटणीत येतंय, ते आधी सांग.”