धुळीची धरती झाली
(जुने शहर, अकोला येथील विहारात दिलेले भाषण)



पृथ्वी कुणी घडवली, असे आपली लेकरं विचारतात. आम्ही सांगतो, ती धुळीतून झाली. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी कोवळ्या सूर्याभोवती वायू अन् धुळीची चकती फिरत होती. कण कणाला चिकटून खड्याएवढे झाले. पुढे अडचण आली. वायू थोडा सावकाश फिरे, खडे वेगाने. म्हणून खड्यांना सतत समोरून वारा लागे. एकटा खडा वेग गमावून सूर्याकडे ओढला जाई. वायूतली खळबळ जमलेली धूळ पांगवी, जोरात आदळलेले खडे फुटत.

मग जमले कसे? शास्त्रज्ञ सांगतात, जिथे वायूचा दाब जास्त, अशा वलयांत खडे अडकून राहिले. दाटी होताच त्यांनी भोवतीचा वायूच सोबत ओढला. वारा मंदावला, मागचे येऊन मिळाले. मग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने त्यांचे मोठे गोळे बनले. २०१४ साली चिलीतील अल्मा दुर्बिणीने एच. एल. टॉरी या तरुण ताऱ्याभोवतीची धुळीची वलये टिपली. आपल्या शेजारचे लोणार ज्या अशनीने झाले, तोही अशाच बांधकामातला उरलेला तुकडा.

इथे निर्माता लागत नाही. कारण आहे म्हणून कार्य आहे. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद असेच पाहायला शिकवतो. उच्च म्हणवणारे अन् आपण, सारे एकाच धुळीचे. आपल्याला पायाची धूळ म्हटले गेले. बाप हो, एकटी धूळ वाहून जाते. एकत्र आली की धरती होते. लेकरांना विहारात धाडा, विज्ञान शिकवा.

जयभीम! नमो बुद्धाय!